मागच्या दारापाशी

८ जुलै

चि. सौ. वहिनीस अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. तिकडचं कळव, पण खरं कळव. गेल्या वेळेसारखं ‘सर्व क्षेम’ म्हणून चार ओळींत गुंडाळू नकोस.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तुझी लेक माझ्या दोन खोल्यांच्या घरात राहते खरी, पण तिचे कान तिसऱ्या खोलीएवढे आहेत. मी फोन उचलला की टिटवीच्या खुर्चीची चाकं जागच्या जागी थांबतात. तिला टिटवी म्हटलेलं तुला आवडत नाही हे ठाऊक आहे मला, पण सकाळी बसमध्ये तिचा आवाज लागला की ड्रायव्हरकाका आरशातून हात जोडतात. म्हणून हे पत्र. मुलं वर्गात गेली आहेत आणि मी रिकाम्या बसमध्ये मागच्या दारापाशी, तिच्याच जागेशेजारी बसून लिहिते आहे.

माझं काम तुला माहीत आहे. मुलांना चढवायचं, बसवायचं, चाकाच्या खुर्च्या चार पट्ट्यांनी जमिनीला आवळायच्या, आत बसलेल्याला वेगळा पट्टा लावायचा, आणि मग वाटभर कोण कुणाला चिमटे काढतंय ते बघायचं. आता शाळेने एक नवीन तालीम सुरू केली आहे. बसमध्ये धूर झाला, आग लागली, तर मुलांना बाहेर कसं काढायचं त्याची. घाबरू नकोस. बस धडधाकट आहे, माझ्या गुडघ्यांपेक्षा तरी बरी.

काल पहिली तालीम झाली. हातात हात घालून चालणाऱ्या दोघी उतरल्या. सीटला धरधरून चालणारा उंच मुलगा उतरला. मोठा आवाज झाला की सीटखाली जाऊन बसणारा आमचा कासवसुद्धा गोडीगुलाबीने बाहेर आला. मग टिटवीची पाळी. अशा वेळी खुर्ची बाहेर न्यायची नसते, ती फार जड. मुलाला उचलून जाड ब्लँकेटवर ठेवायचं आणि ब्लँकेट ओढत मागच्या दारातून खाली घ्यायचं. मी हात पुढे केला मात्र, पोरीने अशी किंकाळी फोडली की शाळेचा शिपाई धावत आला. आईशिवाय कुणीही मला उचलायचं नाही, आईला मी शब्द दिलाय, असं ओरडत राहिली, आणि वर माझ्या करंगळीला कडकडून चावली.

घरी तिला उचलायची वेळच येत नाही. पलंगावरून खुर्चीत ती फळीवरून आपली आपण सरकते, मला जवळही येऊ देत नाही. त्यामुळे हे प्रकरण मला नवीन होतं. तुझा नियम का झाला ते मी विसरलेले नाही. त्या समारंभात त्या गृहस्थांनी हौसेने तिला उचलून नाचवलं आणि मांडीचं हाड मोडलं. इतकी ठिसूळ हाडं असलेल्या मुलीच्या आईने असा नियम करावा हे बरोबरच. पण वहिनी, धुराला तुझा नियम माहीत नाही. तू तिला दोन ओळी लिही, की वेळ आली तर आत्याने उचललेलं चालेल. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.

भाऊचं जहाज कुठवर आलं ते कळव. माया आहे ती तशीच ठेव, करंगळी बरी होते आहे.

तुझी,
ताई


१३ जुलै

ती. ताईंस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. करंगळीचं वाचून हसू आलं, मग लाज वाटली, मग पुन्हा हसू आलं. तिला मी वेगळं रागावेन.

पण ताई, तुम्ही मागता ते मला लिहिता येणार नाही. ब्लँकेटवरून ओढणार म्हणजे काय? माझी पोर काय बटाट्याचं पोतं आहे? प्लास्टरमध्ये ती जशी रडायची ते तुम्ही ऐकलेलं नाही, मी ऐकलंय. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितं, आणि माझं तर अजून भाजलेलंच आहे. जगातल्या प्रत्येक भल्या माणसाला तिला उचलायची हौस येते. नाही म्हणायचं, ओरडायचं आणि चावायचं, हे मी तिला फार कष्टाने शिकवलंय. आता त्यात ‘पण’ घातला तर तो पण कुठे थांबेल? आज आत्या, उद्या काका, परवा रस्त्यावरचा कुणीही.

आणि मला एक कळत नाही. तिची जागा मागच्या दारापाशी आहे असं तुम्हीच लिहिलंत. म्हणजे काही झालंच तर पहिली तीच निघणार ना? मग एवढी घाई कशाला, तुम्ही आणि काका मिळून तिला खुर्चीसकट खाली घ्याल. तेवढं एक लिहून पाठवा, ती पहिली आहे एवढंच. कारखान्यात दिवसभर मशीनवर बसते, सुईकडे लक्ष हवं, आणि माझं लक्ष तुमच्या बसमध्ये. काल एका बाहीला दोनदा शिवण घातली.

जहाज बंदरात लागायला अजून अवकाश आहे. त्यांना यातलं काही कळवलेलं नाही, समुद्रावर बसून काय करणार?

आपली माया आमच्यावर अशीच असावी.

आपली,
वहिनी


१९ जुलै

चि. सौ. वहिनीस अ. उ. आ.

खोटं लिहून तुला झोप आणता आली असती. एक ओळ तर होती. दोन दिवस पत्र तसंच ठेवलं, पण पोटात एक ओठात एक मला जमत नाही.

ती पहिली नाही. ती शेवटची आहे.

रागाने पत्र बाजूला टाकण्याआधी पुढचं वाच. तिची खुर्ची दारापाशी आहे, पण वाट अरुंद आहे. तिला सोडवायचं तर ब्लँकेट त्या वाटेतच पसरावं लागतं. खुर्चीसकट काढायचं तर चार पट्टे, मग खुर्ची वळवणं, मग ती उतरवणारा पाळणा, आणि गाडी बंद पडली की पाळणाही बंद. तेवढा वेळ दार अडून राहतं आणि बाकीची मुलं धुरात, तिच्यामागे. चालणारी आधी निघून गेली तर वाट मोकळी होते आणि माझे दोन्ही हात तिच्यासाठी मोकळे होतात. हा क्रम शाळेने सांगितलेला नाही, मुलांना रोज बघणारी म्हणून मला विचारलं आणि मी लावला. लावताना हात अडखळला, तुला काय सांगू. पण मी तिला पहिली घातली असती तर ते आपला तो बाब्या झालं असतं. त्या कासवाची आईही रोज फाटकात उभी राहून बस वळेपर्यंत हात हलवते.

तिला मी हे स्पष्ट सांगितलंय. सगळ्यांच्या देखत सांगितलं, कुणाचा कितवा नंबर. तिने विचारलं की शेवटच्याने काय करायचं. मी म्हटलं, बघत राहायचं, कुणी राहिलं तर सांगायचं. 

फक्त उचलण्याचं तुझ्या हातात आहे. दोन ओळी, वहिनी.

रागाव, पण नातं राख.

तुझी,
ताई


२३ जुलै

ती. ताईंस सा. न.

दाराला हात लागेल इतक्या जवळ बसलेली माझी मुलगी सगळ्यांना बाहेर जाताना बघत राहणार, आणि हा क्रम तिच्या सख्ख्या आत्याने लावला. हे वाचून मी मशीन बंद करून बाहेर जाऊन उभी राहिले. बाकीच्या बायकांनी विचारलं कोण गेलं म्हणून.

तुमची कारणं कळली. मला ती नकोत. ज्यांचे पाय चालतात ती पळू शकतात, म्हणून त्यांना आधी काढायचं, आणि जिला पळता येत नाही तिने समजूतदारपणा दाखवायचा? जन्मल्यापासून तेच करते आहे ती. तुमच्याकडे धाडली तेव्हा मला वाटलं होतं, घरचं माणूस बसमध्ये आहे, डोळ्यांत तेल घालून जपेल. यापेक्षा परकी बाई बरी, तिच्याशी निदान भांडता आलं असतं. तुमचं स्वतःचं मूल असतं तर त्याला शेवटचा नंबर दिला असतात का?

एक तर तिला पहिली करा, नाहीतर महिनाअखेरीचा पगार झाला की मी येऊन तिला घेऊन जाते. इथे तिच्यासाठी शाळा नाही हे मला माहीत आहे. खिडकी आहे, तिथे बसेल. चौथीपर्यंत शिकली, पुरे झालं. अडाणी राहिली तरी माझ्या डोळ्यांसमोर राहील.

उचलायची परवानगी मी देत नाही.

लोभ असावा असं लिहायला आज हात वळत नाही.

वहिनी


११ ऑगस्ट

चि. सौ. वहिनीस अ. उ. आ.

तुझ्या पत्राला काय उत्तर द्यावं याचा विचार करत होते, तोवर ते घडूनच गेलं. तू हॉस्पिटलात आलीस, तिच्या उशाशी बसलीस आणि तिला घेऊन गेलीस. एवढ्या वेळात माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मला वाईट वाटलं, पण तुझं चुकलं असं म्हणणार नाही. डॉक्टरांनी आणि काकांनी तुला जे सांगितलं त्यात एक गोष्ट नव्हती, कारण ती त्यांना माहीत नाही. ती मी सांगते आहे.

दुपारी शाळेतून परतत होतो. चढ संपला आणि काकांच्या पुढ्यातल्या इंजिनाच्या पेटीतून धूर निघायला लागला. त्यांनी बस कडेला घेतली, आपल्या बाजूच्या दारातून उडी मारली आणि बाहेरून पळत येऊन मागचं दार उघडलं. तोवर पुढे काही दिसेनासं झालं होतं. दोघी जोडीदारणी माझ्या हातून काकांच्या हातात गेल्या. उंच मुलगा सीटला धरत आला आणि गेला. इथपर्यंत तालमीसारखं.

मग मी टिटवीकडे वळले. क्रम मी लावलेला, सगळ्यांकडून घोकून घेतलेला, आणि मीच तो विसरले. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं आणि त्यातलं ते माझ्या मुलाचं वाक्य कानात. ब्लँकेट ओढलं, वाटेत पसरलं आणि तिच्या पट्ट्याला हात घातला. एवढंच डोक्यात होतं, की हिला काढायचं, बाकी जग खड्ड्यात गेलं तरी चालेल.

तिने माझं मनगट धरलं. म्हणाली की आत्या, माझा नंबर आत्ता नाही, कासव सीटखाली आहे.

वहिनी, मी त्याला विसरले होते. तो आवाज करत नाही, हाक मारली तर ओ देत नाही. तिला तिच्या जागेवरून त्याचे बूट दिसत होते. ब्लँकेट तिच्या मांडीवर टाकलं, सरपटत गेले, त्याला पायाला धरून ओढून काढला आणि काकांकडे दिला. तुझ्या लेकीने सांगितलं नसतं तर तिला घेऊन मी खाली उतरले असते आणि दार मागे लावून टाकलं असतं. रोज डोळा लागतो तेव्हा मला ते बूट दिसतात.

परत आले तेव्हा धूर छतावरून उतरून तिच्या कपाळाला टेकला होता. पट्टा सुटेना, तो कातरीने कापला. मी हात पुढे केले आणि मला करंगळी आठवली. तेव्हा ती खोकत खोकत म्हणाली की मी आईला शब्द दिलाय म्हणून मी ओरडणार, पण तू थांबू नकोस. आणि खरंच ओरडली. खुर्चीतून ब्लँकेटवर, ब्लँकेटवरून दारात, दारातून काकांच्या हातात, पाठ जमिनीला लागेपर्यंत जीव तोडून ओरडत होती. समोरच्या दुकानदाराला वाटलं आम्ही तिला मारतोय. मी थांबले नाही.

तिच्या डाव्या दंडाच्या हाडाला गेलेली चीर माझ्या हाताने गेली. दंड तिच्या अंगाखाली अडकला होता, मी बघितलं नाही. ते मी तुला सांगायला हवं होतं, पण तू माझ्याकडे बघत नव्हतीस आणि मीही धीर केला नाही.

आता तू ठरव. तिला तिकडेच ठेवणार असशील तर तिची पुस्तकं आणि सरकायची फळी पाठवून देते. मी अडवणार नाही. काका रोज सकाळी आरशातून तिच्या रिकाम्या जागेकडे बघतात.

उत्तर आलं नाही तरी माया कमी होणार नाही, हे गृहीत धर.

तुझी,
ताई


२५ ऑगस्ट

ती. ताईंस शि. सा. न. वि. वि.

फळी पाठवू नका. मुलगीच तिकडे येते आहे.

तुमचं पत्र येण्याआधीच तिने मला सगळं सांगितलं होतं, गाडीत, घरी, जेवताना, प्रत्येक वेळी थोडं वाढवून. कासवाला तुम्ही ओढलंत तेव्हा त्याचा एक बूट तुमच्या हातात राहिला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पण पट्ट्याला आधी हात घातलात हे तिने मला सांगितलं नाही, ते तुमच्या पत्रातून कळलं. एवढं सगळं बडबडणाऱ्या पोरीने नेमकं तेवढंच लपवलं. तुमच्यासाठी लपवलं असणार. ते वाचून मी खूप रडले. शेवटी तुम्हीही तेच करायला गेलात जे मी मागत होते, आणि ते किती भयंकर होतं ते मला कळलं. त्या मुलाच्या आईच्या जागी मी स्वतःला बसवून बघितलं आणि बसवेना.

मी तिला विचारलं की सगळे निघून गेले, तू शेवटी राहिलीस, भीती नाही का वाटली. माझ्याकडे मी खुळी असल्यासारखं बघत म्हणाली की शेवटची मी नव्हतेच, माझ्यामागे आत्या होती ना.

ताई, तुमचा नंबर मी विचारलाच नव्हता. माझ्या मुलीचा कितवा, हे विचारून मी भांडत बसले. तिच्यानंतर धुरात आणखी एक माणूस उभं राहणार आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि त्या माणसाला मी काय लिहिलं! तुमच्या मुलाबद्दलचं ते वाक्य मला परत घ्यायचं आहे. शिवण चुकली तर उसवता येते, लिहिलेलं उसवता येत नाही. तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच ते फाडून टाका.

आता उचलण्याचं. माझा नियम मी मोडत नाही, बदलते. कुणी उचलायचं ते तीच ठरवेल आणि कसं उचलायचं तेही तीच सांगेल. आधी दोन्ही हात पोटावर, मग गुडघ्यांखालून आणि पाठीखालून एकदम, डोकं सैल सोडायचं नाही. आम्ही दोघींनी उशीवर सराव केला. तिने मला तीनदा चुकीची म्हणून थांबवलं, शाळामास्तरणीसारखी.

आणि ब्लँकेट पुरे. कारखान्यात जड पिशव्यांचं कापड येतं, त्याची मी एक झोळी शिवली आहे. दोन्ही बाजूंनी धरायला मुठी, मध्ये मऊ अस्तर, दंड आत राहावेत म्हणून दोन कप्पे. मुठींना प्रत्येकी चौपट शिवण आहे. माझ्या मुकादमीणबाईंना आत बसवून चौघींनी उचललं, त्या काही लहानखुऱ्या नाहीत. टाका हलला नाही. टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात, मग तिच्या आईला एक झोळी शिवता येणार नाही? हो, मीही तिला टिटवी म्हणायला लागले आहे.

रविवारी घेऊन येते. सोमवारच्या तालमीला मी बसमध्ये बसेन. नंबर तिचा होता तोच राहू द्या.

मागच्या पत्रात जो लोभ लिहायचा राहिला तो या पत्रात दुप्पट धरावा.

आपली,
वहिनी


९ सप्टेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. प्लास्टर पुढच्या आठवड्यात काढणार आहेत. त्यावर कासवाने बसचं चित्र काढलंय. त्या बसला दार फक्त मागे आहे आणि ते बसपेक्षा मोठं आहे.

तू गेल्यावर तालमीबद्दल सगळे अजून बोलतात. आई, तू ओरडलीस. फक्त झोळी बघायला म्हणून माझ्या खुर्चीत बसलीस आणि आत्याने आणि काकांनी तुला उचललं तेव्हा केवढ्यांदा ओरडलीस! मी एवढी कधी ओरडले नव्हते. तू म्हणालीस की मला वाटलं नव्हतं पाठीखाली काहीच नसल्यासारखं वाटतं. मला ते नेहमीच वाटतं, पण मी सांगितलं नव्हतं. काका आता तुला मोठी टिटवी म्हणतात. तुला सांगू नको म्हणाले, म्हणून सांगते.

झोळी चांगली आहे. आत्या ती माझ्या खुर्चीमागे अडकवते आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. कासवाला पण तिच्यात बसायचं होतं म्हणून त्याला एकदा बसवलं, तर तो बाहेरच येईना. त्याला ती सीटखालच्यापेक्षा आवडली.

काल पुन्हा तालीम झाली. माझा नंबर अजून शेवटचाच आहे. पण आता शेवटच्याला एक काम दिलंय. बाहेर आल्यावर मी ‘बस रिकामी’ असं मोठ्याने ओरडायचं, म्हणजे सगळ्यांना कळतं की संपलं. आवाज माझाच सगळ्यांत मोठा म्हणून ते काम मला मिळालं. काल मी झोळीतून खाली आले, सगळं नीट झालं, दंड दोन्ही कप्प्यांत होते. मोठ्या बाई म्हणाल्या की हं, आता ओरड. मी ओरडले नाही. त्या पुन्हा म्हणाल्या. त्यांना वाटलं मी विसरले. काका पण खुणा करायला लागले.

मी विसरले नव्हते, आई. आत्या अजून आत होती. तिचे गुडघे दुखतात म्हणून तिला दारातून उतरायला वेळ लागतो. सगळे थांबले. तिचा दुसरा पाय जमिनीला लागला, मग मी ओरडले.

बाबांना पत्र लिहिलंस तर हे लिही. तुझ्या मायेत माझी जागा पहिली असू दे, बसमध्ये शेवटची चालेल.

तुझी,
टिटवी